शेणावर शिंपडलेलं पाणी

"मावशी, ही बादली तुमची."

देवासच्या मराठी मंडळाचं दार. चपलांच्या शेजारी ओल्या शेणाची बादली. बोलत होत्या मंडळाच्या चिटणीसबाई. एरवी त्या मला मॅडम म्हणतात. त्यांच्या सुनेला मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे. त्या दिवशी मावशी. धुणंभांडी करणाऱ्या बाईला हाक मारतात तशी.

नातवंडांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, मंडळाच्या संजाच्या व्हिडिओत आजी का नाही. म्हणून लिहिते आहे.

संजा म्हणजे आपल्या माळव्यातला मुलींचा खेळ. पितृपक्षात रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची चित्रं काढायची, त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, मग आरती, गाणी, प्रसाद. मला बोलावलं होतं ते मुलींना हे समजावून सांगायला. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. पाहते तर माईकसमोर चिटणीसबाईंची नणंद बसलेली.

"सांगायचं ते वन्सं सांगतील. तुम्ही फक्त शेण कालवून द्या. हमारी लड़कियों को घिन आती है. तुमचं पागेचं घर, हाताला सवय असेल."

पागेचं घर. माझे आजोबा आणि वडील संस्थानच्या पागेत घोड्यांची लीद काढायचे. आई गोवऱ्या थापायची, घरोघर शेण पोचवायची. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या. आमच्याकडे हे शब्द भाजीच्या नावांसारखे तोंडात असत. बाहेर तेच आमचं आडनाव झालं. शाळेत मी वर्गात शिरले की मागून आवाज यायचा, "लीदवाल्याची पोर आली."

संजाच्या दिवसांत आई एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी शेण द्यायची. पाटी ओट्याखाली ठेवायची आणि मागे सरायची. मग घरातल्या बाई तांब्या घेऊन यायच्या आणि त्या शेणावर पाणी शिंपडायच्या.

नीट वाचा. त्या शेणाने ती बाई आपलं घर शुद्ध करायची. आणि शेणालाच आधी शुद्ध करायची. कारण त्याला माझ्या आईचा हात लागला होता.

मी विचारलं, "आई, शेण बाटतं?"

"गप. चल."

आई चालू लागली. मी रस्त्यावर उभी राहून त्यांच्या मुलींची गाणी ऐकली. प्रसाद वाटला गेला. माझ्यापर्यंत आला नाही.

हे सगळं आठवत असूनही मंडळाच्या दारात मी वाकले. पदर खोचला. बादलीत हात घातला. काड्या वेचल्या, खडे काढले, शेण लोण्यासारखं मऊ केलं. मुली जमल्या. एक चिमुरडी हात घालणार, तोच चिटणीसबाई ओरडल्या,

"रुक, बेटा! आधी गंगाजल शिंपडू दे."

हातात बाटली तयार होती.

"कशाला?" मी विचारलं.

"अहो, पूजेचं आहे ना. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी बादली उचलली.

"मावशी! संजा कशाची करायची मग?"

"रस्त्यावर गाई आहेत. आपल्या हाताने उचला."

"इतना क्या बुरा मान गईं!"

मंडळाच्या फाटकावरचा वॉचमन पुढे आला. "मॅडम, मैं उठा लूँ?"

"नको भिया. माझी मी नेते."

तुम्ही व्हिडिओत पाहिलीत ती संजा कागदाची. छापील, दुकानातून आणलेली. खरी माझ्या घरी, फाटकाच्या आतल्या भिंतीवर होती. चंद्र, सूर्य, शेवटच्या दिवशी काढतात तो किल्लाकोट. त्यात पालखी असते, तिच्या जागी मी घोडा काढला, आणि घोड्यामागे लीदही. बादली मंडळाची होती. घासून, पुसून परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी चिटणीसबाई मुलींना घेऊन माझ्या फाटकाशी आल्या. आता पुन्हा मॅडम.

"मॅडम, मुलींना जरा फोटो काढू द्या ना."

मी माझी बादली पुढे सरकवली. "या. आधी हात घाला."

"हो, मुली घालतील की."

"मुली नंतर. पहिल्या तुम्ही."

त्यांनी बादलीकडे पाहिलं. माझ्या शेणाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मुलींना वळवलं आणि निघून गेल्या. मी थांबा म्हटलं नाही.

पुढच्या पितृपक्षात तुम्ही आलात तर तुम्हालाही हाच नियम. या भिंतीला बघे नकोत. बादलीत हात घालेल तो आत येईल. पाणी शिंपडायला येईल तो फाटकाबाहेर राहील. मग तो माझ्या पोटचा का असेना.