शपथ घेतली, पाळी चुकली

दहावीच्या वर्षी, बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना, आमच्या शाळेत एक पाहुण्या बाई आल्या. पुण्याकडच्या. लांज्यापासून आत आमच्या शाळेपर्यंत रस्ता म्हणजे नुसती खडी, बाईंची कंबर मोडली असणार. पण चेहऱ्यावरचं हसू काही हललं नव्हतं. मुलग्यांना कबड्डी खेळायला मैदानावर पिटाळलं आणि आम्हा मुलींना हॉलमध्ये कोंडलं. खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. विषय होता 'किशोरवय आणि संयम'.

बाई खूप वेळ बोलल्या. पाय घसरणं, तोल जाणं, काचेच्या भांड्याला तडा जाणं. कोणाचा पाय, कशावरून घसरला आणि घसरला म्हणजे नेमकं काय झालं, ते मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. "एक स्पर्श पुरे असतो मुलींनो, आयुष्याची माती व्हायला," हे तेवढं पुन्हा पुन्हा.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी तर प्रजननाचा धडा 'आकृत्या पाठ करा, मार्क त्यांनाच आहेत' म्हणून उरकला होता. पुरुषाची आकृती एका पानावर, बाईची दुसऱ्या पानावर. या पानावरून त्या पानावर काय जातं आणि कसं जातं? डोंबल! मी दोन्ही आकृत्या डोळे मिटून काढत होते, नावं देत होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तुम्ही म्हणाल, खेड्यातली पोर, गोठा घरात, हिला गाय बैलाकडे नेलेली ठाऊक नाही? होती की. पण एवढ्या शिकलेल्या बाई स्पर्श म्हणतायत, म्हणजे माणसाचं काहीतरी वेगळंच असणार, अशी मी माझी समजूत घातली. होतं नव्हतं तेही ज्ञान त्या दिवशी गेलं.

शेवटी बाईंनी आम्हाला उभं करून शपथ दिली. लग्नापर्यंत मी माझं पावित्र्य जपेन, मोहाला बळी पडणार नाही, वगैरे. आता बाईंचा सूर असा लागला, की थेट आमच्या देवळातलं गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे, गावचा मानकरी, गावकर, देवीपुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. मागच्या बाकावरून एकीनं सवयीनं म्हटलं, "व्हय महाराजा!" झालं, सगळा हॉल म्हणायला लागला. मीपण. बाईंना वाटलं, काय संस्कारी मुली! आम्ही हसून हसून बेजार.

हसले खरी, पण एस्टीत बसल्यावर हसू थांबलं. आमच्याकडे व्हय महाराजा थट्टेत म्हणत नाहीत. ते म्हटलं की बोलणं देवीच्या कानावर गेलं.

एक मुलगा होता. पुढच्या वाडीतला, अकरावीतला, माझ्याच गाडीनं जायचा. त्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. गणित बरं समजवायचा आणि लाजला की कान लाल व्हायचे. शपथेनंतर महिनाभरानं, थांब्यामागच्या काजूच्या झाडीत त्यानं माझा हात धरला. मग मिठी मारली. गालाला गाल लागला. एवढंच. एस्टीचा हॉर्न वाजला आणि आम्ही पळत सुटलो.

त्या महिन्यात माझी पाळी आली नाही.

लोकं विचारतात, अशा व्याख्यानांनी काही फरक पडतो का? पडतो तर! आमच्या वर्गातली एकही मुलगी कोणाकडे बघायची थांबली नाही. आपापसात बोलायच्या तेवढ्या थांबल्या. आधी आम्ही विहिरीवर काय काय बोलायचो. आता जी ती पवित्र. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला मी विचारलं असतं तर तिनं कदाचित सांगितलंही असतं, पण तिनंही शपथ घेतलेली. कुठल्या तोंडानं विचारू?

त्यात शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, मुंबईचे चाकरमानी येतात, माझे बाबाही येणार होते. पालखी यायची म्हणजे घरातल्या बायकांचं आधी गणित सुरू. कोण कधी बाहेरची बसणार? आमच्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस पडवीत बसते, वेगळं ताट, वेगळी गोधडी. म्हणजे कोणाची कधी येते ते शेजारणीलासुद्धा पाठ. आईनं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "तुझी तारीख कंदी गो? पालखीच्या दिवशी नको यायला."

माझी पाचावर धारण बसली. आली नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार. आणि पुढच्या प्रश्नानंतर काय होतं ते मी वरच्या आळीत पाहिलं होतं. एका मुलीबद्दल नुसती कुजबुज झाली, तिची शाळा सुटली आणि वैशाखात तिचं लग्न झालं. तिला कोणी काही विचारलंसुद्धा नाही. मला परीक्षेला बसायचं होतं. मला घरातून बाहेर पडून रत्नागिरीला कॉलेजात जायचं होतं. मी म्हटलं, "आजच आली." आणि उठून पडवीत जाऊन बसले.

खोटी पाळी घेऊन बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. समोर पुस्तक उघडं, अक्षर दिसत नाही. कोणी जवळ येत नाही, येऊ शकत नाही, आणि मला तर कोणीतरी जवळ यायला हवं होतं. मेली ती पडवी! तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला अंगण, आणि अंगणात माझा धाकटा काका पालखीसाठी नारळ पुरायची जागा बघत फिरतोय. पुरलेला नारळ पालखी बरोबर शोधून काढते, त्याला आम्ही खूण काढणं म्हणतो. पालखी खांद्यावर नाचत येते आणि त्याच जागी येऊन जड होते. लहानपणापासून बघितलेलं. मला दिसायला लागलं, पालखी अंगणात येते, नारळाकडे जात नाही, सरळ माझ्यासमोर येऊन थांबते. बाबा बघतायत, गाव बघतंय. रडायचीसुद्धा चोरी, कारण पाळीत कोण रडतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी परसातून परत आले, तर आई पडवीत उभी. तिच्या हातात दुकानातून आणलेलं पॅडचं पाकीट होतं, माझ्या गोधडीखालून काढलेलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं. एवढं सोंग केलं आणि पाकीट फोडायचं माझ्या लक्षात आलं नाही.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. आईनं घरात जायचं दार लोटलं आणि माझ्या गोधडीवर, अगदी मला लागून बसली.

"काय झालाय ता सरळ सांग. घाबरू नको, पण खोटा बोलू नको."

मी सांगितलं. हात, मिठी, गाल, शपथ, देवी, सगळं. शेवटी "माझ्या पोटात..." एवढंच म्हणाले.

"आणखी काय केलान त्यानं?"

"काही नाही. एवढंच."

"कपड्याला हात?"

"नाही गं!"

आई हसली. मला इतका राग आला! मी इथे मरतेय आणि ही हसतेय. मग तिनं मला सांगितलं. गाय आणि बैल जसे, माणसंही तशीच. या पानावरून त्या पानावर काय जातं ते सगळं, गावरान शब्दांत, एकही शब्द न गिळता. मिठीनं पोर होत नाही म्हणाली. पाळी परीक्षेच्या काळजीनं पुढे जाते, येईल म्हणाली. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून ओक्साबोक्शी रडले.

"तुला कोणी सांगितलं होतं गं हे?" मी विचारलं.

तिनं माझे केस मागे सारले.

"मला? मला कोण सांगणार. तुझ्या बापसानं जत्रेत माझा हात धरलान नि माझी पाळी चुकली. मी आयशीला सांगितला. तिनं पुढचा एक शब्द विचारलान नाय. पंधरा दिवसांत हळद."

"आणि मग?"

"हळदीच्या दिवशी आली की पाळी. मांडव घातलेला, पाव्हणे जेवायला बसलेले. मी लपवली नि उभी ऱ्हायले लग्नाला."