पिठलं पुढे, स्लेज मागे

विश्राम टिपणीसचं नाव ज्यांनी ठेवलं, त्यांचा अंदाज साफ चुकला. साठी जवळ आली तरी या माणसाचं बूड एका जागी टेकत नाही. पुण्यात होता तोवर दर रविवारी सह्याद्रीत पाय मोडून घ्यायचा. सिडनीत आला, तर कॅसल हिलच्या घरामागे चढण्याजोगं काही नाही, म्हणून आठ तास गाडी हाणून बर्फाचे डोंगर शोधून काढले. तिथेही खोड गेली नाही. चार लोक लिफ्टमध्ये बसून वर जातात आणि घसरत खाली येतात. हा स्कीच्या तळाला, मागे घसरू नये म्हणून, केसाळ पट्ट्या चिकटवणार आणि घाम गाळत स्वतःच्या पायांनी चढणार. "चढल्याशिवाय उतरण्यात काय राम?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. खंडेनवमीला त्याच्या घरी पाटावर लॅपटॉपशेजारी स्कीची जोडी मांडलेली असते, आणि तिच्यावरचं हळदकुंकू तो पुढच्या जूनपर्यंत कुणाला पुसू देत नाही.

जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या, लाँग वीकेंडला तिथे पहिला बर्फ कसाबसा पडलेला असतो. वीतभर बर्फ, त्यातून वर आलेली गवताची टोकं, खाली दगड. शहाणी माणसं अजून महिनाभर थांबतात. पण विश्रामची ही बारा-तेरा वर्षांची वारीच म्हणा ना, आणि तिचं मूळ कारण म्हणजे पिठलं.

पिठलं म्हणजे त्यांचं कुत्रं. मेंढ्या राखणाऱ्या जातीचं, रंगाने अगदी कढईतल्या पिठल्यासारखं. लेक नुपूर पाच वर्षांची होती, तिने हे नाव ठेवलं आणि मग कुणाची बदलायची हिंमत झाली नाही. नॅशनल पार्कात कुत्र्यांना बंदी, म्हणून विश्रामने जंगलखात्याच्या हद्दीतली एक टेकडी हेरली. टेकडीवर गुराख्यांची जुनी पत्र्याची झोपडी आहे. तिच्या पायरीवर बसून तिघांनी दशम्या खायच्या, असा दरवर्षीचा नेम पडला.

अर्ध्या वाटेत नुपूरचे पाय दुखायचे. मग ती लाल प्लास्टिकच्या स्लेजमध्ये बसायची, आणि पिठल्याच्या छातीला पट्टा अडकवून दोरी स्लेजला बांधली जायची. आणखी एक दोरी विश्रामच्या कमरेला असे, आणि खरं वजन त्याच दोरीवर. गाड्याखालच्या कुत्र्याला वाटतं की गाडा आपणच ओढतोय, म्हणतात ना, तसलाच प्रकार! पण पिठल्याचा रुबाब काय सांगावा. दर दहा पावलांनी मागे वळून पाहायचं. नुपूर स्लेजमध्ये असेल तर पुढे. ती बर्फाचे गोळे करायला उतरली, की हे जे फतकल मारून बसायचं ते ती परत बसेपर्यंत हलायचं नाही.

यंदा पिठलं चौदा वर्षांचं झालं. मागचे पाय लटपटतात. प्राण्यांच्या डॉक्टरने विश्रामच्या खांद्यावर हात ठेवून, "He's had a good run, mate," म्हणून सांगितलं. नुपूर मेलबर्नला युनिव्हर्सिटीत. फोनवर म्हणाली, "बाबा, exams आहेत ना! Next year, promise." विश्राम "नो वरीज" म्हणाला आणि फोन ठेवला. पिठल्याला पुढचं वर्ष नव्हतं. झोपडीच्या पायरीवर त्याला एकदा, शेवटचं, न्यायचंच, हे त्याने तिथेच ठरवलं.

"स्लेजमध्ये बसवून ओढत नेईन," तो बायकोला म्हणाला.

"कुत्र्याला नेतोयस की स्वतःला?" चित्रलेखाने विचारलं. वर दशम्या बांधून दिल्या, नुपूरची जुनी गोधडीही दिली.

गोधडीत गुंडाळलेलं पिठलं अर्ध्या वाटेपर्यंत निमूट बसलं. तोंडावर मात्र अपमान स्पष्ट दिसत होता. वाकड्या निलगिरीपाशी, जिथे नुपूर दमायची तिथेच, ते स्लेजमधून धडपडत उतरलं, लंगडत पुढे आलं आणि विश्रामकडे पाठ करून मान खाली घालून उभं राहिलं. विश्रामच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्याला पट्टा हवा होता.

पट्टा सॅकमध्ये होता. का घेतला, हे विचारलं असतं तर विश्रामला सांगता आलं नसतं. त्याने तो बांधला, दोरी सैल सोडली. पिठलं दहा पावलं चाललं. मागे वळून पाहिलं. स्लेज रिकामी. ते फतकल मारून बसलं.

"चल रे राजा, थोडंच राहिलंय." झोपडीचा पत्रा वर दिसतही होता. विश्रामने दशमी दाखवली, सॅक स्लेजमध्ये ठेवली, सॅकवर स्वतःची टोपीही घातली. पिठल्याने टोपीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. चौदा वर्षांच्या कुत्र्याला असं फसवता येतं होय?

"ती नाही येत रे यंदा," विश्राम म्हणाला, आणि बोलताबोलताच त्याला रडू फुटलं. इतके दिवस तो कुत्र्याच्या म्हातारपणावर खापर फोडत होता. दुखत होती ती रिकामी स्लेज.

डोळे पुसून त्याने वरच्या झोपडीकडे एकदा पाहिलं. मग स्की सोडल्या, स्लेजचं तोंड उताराकडे फिरवलं, आणि साठीला टेकलेला तो गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन, स्की मांडीवर आडव्या धरून त्या लाल प्लास्टिकमध्ये कसाबसा मावला.

पिठल्याने वळून नीट पाहिलं. मग उठलं, स्लेजला वळसा घालून पुढे आलं, आणि लटपटत्या पायांनी, पण शेपूट वर करून, खालच्या दिशेला चालू लागलं. स्लेज उताराने आपोआप सरकत होती. ती पिठल्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून विश्राम दोन्ही टाचा बाहेर काढून बर्फात रोवत होता. दर दहा पावलांनी पिठलं मागे बघायचं, आणि विश्राम हात वर करून म्हणायचा, "आहे रे, आहे."

गाडीपाशी पोचल्यावर त्याने चित्रलेखाला फोन लावला.

"नेलंस का झोपडीपर्यंत?"

"नाही गं," विश्राम म्हणाला. "त्यानेच मला ओढत खाली आणलं."