बिनकागदाचं बिऱ्हाड

किस्से एसीच्या फिल्टरवरच्या धुळीसारखे असतात. रोज थोडे थोडे साठतात, कुणाचं लक्ष नसतं. मशीन बंद पडली की झाकण उघडायचं आणि म्हणायचं, बाप रे, एवढे!

दादाला जाऊन अजून महिना झाला नाही. इथे ओमानमध्ये, बरका गावात, आमच्या शुक्रवारच्या जेवणाला सध्या हेच चालतं. कुणीतरी म्हणतो, "तुला आठवतं का रे?" आणि सगळे हसतात. मीही हसतो. मग हसलो म्हणून मला राग येतो, मी उठून बाहेर जातो. परत येतो तोवर पुढचा किस्सा सुरू झालेला असतो. मी नववी नापास, लिहायची सवय नाही. पण आमचे परबमामा म्हणाले, "लिहून काढ, नाहीतर कुणाच्या तरी टाळक्यात पाना घालशील."

आधी अडचण सांगतो. दादा देवगडचा, एसी मेकॅनिक. फिलू वहिनी वसईची ख्रिश्चन, बरक्याला लेडीज पार्लरमध्ये कामाला. तिचा पहिला नवरा कधीच सोडून गेला होता, पण कोर्टात तारखेला येत नव्हता. म्हणून घटस्फोट नाही. घटस्फोट नाही तर लग्न नाही, लग्न नाही तर फॅमिली व्हिसा नाही. आणि इथे लग्नाशिवाय एका घरात सापडलात तर दोघांचीही घरी रवानगी. ते सात वर्षं राहिले!

*

दादाच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी ऑफिसातली कामं करून आणणारा ओमानी माणूस, मनाने फार चांगला. दादाने त्याला एकदा हळूच विचारलं की, काही मार्ग आहे का?

"सर्टिफिकेट?"

"नहीं है."

"कोई बात नहीं. बहन बोल देंगे?"

दादा उसळला. "अरे, बहन कैसे?"

मंदूबने डोकं खाजवलं. "अच्छा, सगी नहीं. चाचा की बेटी."

"चाचा की बेटी बोला तो फिर शादी कैसे करूँगा?"

आता मंदूबला काही कळेना. तो म्हणाला, "चाचा की बेटी से ही तो करते हैं! मैंने भी किया है!"

*

दादाची बिल्डिंग फक्त फॅमिलीवाल्यांसाठी होती. फ्लॅट परबमामांच्या नावावर, मामी वर्षातून दोन महिने येणार म्हणून घेतलेला. वहिनीच्या चपला कधी दादाच्या दारात नसायच्या. त्या शेजारच्या डिसिल्व्हा आंटीच्या दारात काढायच्या, असा नियम.

मी देवगडहून नवा आलो होतो. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या दारात वहिनीच्या चमकीच्या चपला बघितल्या. वाटलं, कुणीतरी चुकून सरकवल्या. उचलून आमच्या दारात नीट लावून ठेवल्या. आणि नेमका त्याच दिवशी बिल्डिंगचा मालक आला!

मालकाने चपलांकडे बघितलं. दादाने शांतपणे सांगितलं, "भाई आया है मेरा. उसका है."

मालकाने माझ्या पायांकडे बघितलं. माझा नंबर नऊ.

"आजकल फॅशन है," दादा म्हणाला, आणि मला त्या चपला घालून मालकाला खाली गाडीपर्यंत सोडायला लावलं. तीन जिने!

*

पार्लर बंद होणार असं कळलं तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. तेव्हाचा नियम असा की, जुन्या अर्बाबने, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाने, एनओसी दिली नाही तर माणूस दोन वर्षं ओमानला परत येऊ शकत नाही. आणि वहिनीचा अर्बाब कुणालाच एनओसी देत नव्हता. दोन वर्षं! दादा त्या आठवड्यात जेवायचाच बंद झाला.

शेवटी तो अर्बाबच्या घरी गेला. तिथे बैठकीत बसवून खजूर आणि काहवा, म्हणजे त्यांची कॉफी, देतात. छोटा कप, आणि तो रिकामा झाला की लगेच भरतात. पुरे झालं की कप हातात हलवायचा असतो. हे दादाला माहीत नव्हतं. भरला की पी, भरला की पी. पाहुणा पितोय तोवर त्याला उठ म्हणता येत नाही! दुपार झाली, नमाज झाली, अर्बाब परत आला, दादा पितोच आहे. संध्याकाळी अर्बाबने पोराला हाक मारली आणि म्हणाला, "खलास, शिक्का आण."

वहिनी पोट धरून हसली. "अरे, कप हलवायचा असतो, कप!"

दादा म्हणाला, "हलवला असता तर आज तू वसईला असतीस."

*

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉल सुरू झाला की वहिनी किचनमध्ये जायची. एकदा आम्ही जेवत असतानाच आईचा फोन आला. दादाच्या ताटात बांगड्याचं तिखलं होतं, कडेला नीट कापलेला कांदा, लिंबाची फोड.

आई ताटाकडे बघत राहिली. "कोणी केलान रे?"

"ह्याने," दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याका साधी चाय जमणा नाय," आई म्हणाली. मग थोडी मोठ्याने, किचनपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली. "जो कोण रांधता, तेका सांग, मीठ कमी घाल. बापाशीक प्रेशर होता, ह्याकाय आसतला."

त्या दिवसापासून आमच्याकडे सगळं अळणी!

*

प्रेशर होतंच. दादा तेव्हा लांब, दुक्म गावच्या प्रोजेक्टवर होता. तिथे नुसते पुरुष, कॅम्प आणि वारा. सकाळी कामाला जाताना बसच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

फोन मला आला. मी ऐकला आणि भिंतीवर फेकला. वहिनीने उचलला, काच पुसली, कानाला लावला. पलीकडच्याने विचारलं, "आप कौन?"

वहिनी म्हणाली, "जिसका फोन है, वो रो रहा है. आप बोलिए, मैं लिखती हूँ."

*

दादाला मस्कतला आणलं. मॉर्च्युरीत कपडे घालून पेटी बंद करतात, त्याआधी काय ते बघायचं. फक्त जवळच्या माणसाने. माझ्या पासपोर्टवर दादाचंच आडनाव होतं. वहिनीकडे काहीच नव्हतं. तरी ती आली, पिशवी घेऊन. आत दादाचा एकुलता एक सूट, टाय, मोजे आणि पॉलिश केलेले बूट.

मी म्हणालो, "वहिनी, आमच्यात बूट घालत नाहीत."

"आमच्यात घालतात."

"पण दादा आमच्यातला ना?"

"सात वर्षं कुणाच्यात होता?"

परबमामा म्हणाले, "दोघं गप बसा. आत कोण सोडतंय का ते आधी बघा."

दारावर एक म्हातारा बलोची होता. आमच्यापेक्षा बरं हिंदी बोलायचा. बाजूला एक पोलीस खुर्चीत बसलेला. म्हाताऱ्याने माझा पासपोर्ट बघून मान हलवली. मग वहिनीला हाताने थांबवलं.

"औरत अंदर नहीं जाएगी. बीवी हो तो अलग बात. हमारे में बीवी अपने मर्द को नहला भी सकती है, दूसरी औरत नहीं."

माझ्या तोंडात आलं होतं, बीवी है! पण पोलिसाने मान वर केली. हो म्हटलं की तो कागद मागणार, आणि कागद नाही म्हणजे वहिनीला दादाच्या आधी विमानात बसवणार. परबमामांनी माझा दंड दाबून धरला.

म्हाताऱ्याने तिलाच विचारलं, "तुम बीवी हो?"

वहिनी म्हणाली, "नहीं."

म्हाताऱ्याने तिच्या हातातून पिशवी घेतली. सूट बाहेर काढला, इस्त्री बघितली. मोजे एकात एक गुंडाळलेले होते. बूट काढले. पाय सहज आत जावा म्हणून लेस आधीच सैल करून ठेवल्या होत्या. त्याने सगळं परत तसंच आत ठेवलं आणि पिशवी वहिनीच्या हातात दिली.

"झूठ मत बोलो, बेटी. जाओ अंदर."

मी तिच्या मागून निघालो, तर माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुम बाद में."