बहिणीचा साफ रिपोर्ट

धाकट्या बहिणीच्या साक्षगंधाआधी मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट मागणारी आमच्या मोताळ्याच्या घरातली मी पहिलीच. काका रुसले, पण मी कुणाचं ऐकते! मुलगा सिकलसेलचा वाहक निघाला. त्याला स्वतःला त्रास नव्हता, पण मुलगीही वाहक असली तर लेकरांना आजार होण्याची भीती. म्हणून बहिणीचा हिमोग्लोबिनचा जीन मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तपासून घेतला आणि ऐटीत जाहीर केलं, "साफ हाय. करा लग्न." तिच्या लाल पेशी जरा लहान होत्या, ते मी लोहाच्या कमतरतेवर ढकललं.

पुढे मी नोकरी करते त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत माझं काम बदललं. डीएनएच्या फार मोठ्या भागातून प्रथिनं बनतच नाहीत. त्यातल्या कुठल्या जागा जीन चालू-बंद करतात, हे शोधायचं. वडलांना मी सांगितलं, मोटर विहिरीवर असते, पण तिला वीज देणारी डीपी दोन शेतं पलीकडे. मी त्या डीपी शोधते. ते म्हणाले, "बरोबर हाय. आपण मोटर खोलून पाहत बसतो, अन् फ्यूज तिकडं उडेल रायते."

आमच्याकडे निरोगी नमुना म्हणून स्वतःचंच रक्त द्यायची रीत आहे. मीही दिलं. त्यातून कोवळ्या लाल पेशी वाढवल्या की कामाच्या जागा पडद्यावर उंचवट्यांसारख्या दिसतात. हिमोग्लोबिनच्या जीनपासून बऱ्याच अंतरावर एक मोठा उंचवटा असतो. माझा निम्माच होता. मशीनला शिव्या घातल्या, पुन्हा चालवलं. निम्माच. आईवडलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीत तो तुकडाच नव्हता. जीन धडधाकट, पण त्याला चालू करणारं कोणी नाही.

बहिणीचं लग्न त्याच मुलाशी होऊन गेलं होतं. माझ्याही पेशी लहानच होत्या, आणि बहिणीला तिसरा महिना लागला होता. तिच्यातही हेच असलं, तर बाळाला आईकडून ही मुकी प्रत आणि बापाकडून सिकलसेलची, असं होऊ शकत होतं. अशी लेकरं दुखण्याने कशी कळवळतात, ते मी वॉर्डात पाहिलंय.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. ती माहेरी आली होती. मलकापूरला गाडीतून उतरून मोताळ्याला पोचेपर्यंत मी एकच वाक्य शंभरदा जुळवलं. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"पण तू त साफ हाय म्हणली होती, ताई."

"मी नुसता जीन पाह्यला. बाकीचं पाहा लागते, हे पुस्तकात वाचेल होतं. पण तुह्यात असं काई असल, हे मले वाटलंच नाई."

"लय दुखते का त्या लेकराइले?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हाव," मी म्हटलं.

तिने मेथीचं ताट बाजूला सारलं. एक हात पोटावर ठेवला, दुसरा माझ्यापुढे केला. "घे रक्त. माहं बी पाह्य, याचं बी पाह्य." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण एक डाव म्हण ना, ताई. साफ निघन म्हून."

मी तिचा हात धरला. "आधी पाहू दे," मी म्हटलं.