पहिली चक्कर

दिल्लीत मुनिरकातल्या आमच्या गल्लीतला मेकॅनिक कामापुरतंच बोलतो. परवा त्याने माझ्या बाईकच्या ब्रेकचे पाइप बदलले आणि आतली हवा काढायला ब्रेकची लिव्हर माझ्या हातात दिली. "दबाओ. पकड़ो. छोड़ो." एकदा मी घाईने आधीच सोडली; हवा परत आत शिरली. तो चिडला नाही. पुन्हा पहिल्यापासून "दबाओ."

शेवटी लिव्हर कडक झाली.

"हो गया ना, भैया?"

"देखते हैं."

ब्रेकचं काम केलं की पहिली चक्कर तो गिऱ्हाइकाला मारू देत नाही. स्वतःचा मोबाईल माझ्याकडे देत म्हणाला, "पकड़ो." आणि भर रहदारीत शिरला.

परत येऊन त्याने माझ्या पुढ्यात कच्चकन ब्रेक मारला.

"छोड़ो," तो हसला. मोबाईल मी अजून आवळूनच धरला होता.