ते वाक्य मॅडमचं नव्हतं

मॅडम गेल्याची बातमी मला एका पणतीच्या चित्रावरून कळली. सकाळी लखनौच्या चिनहट भागातल्या माझ्या खोलीतून निघून मी ई-रिक्षात बसलो होतो. मांडीवर त्यांच्यासाठी गाळून घेतलेल्या सुपाचा डबा होता, अन् तेवढ्यात आमच्या संशोधन संस्थेच्या ग्रुपवर ते चित्र आलं. लुकलुकणारी पणती, बाजूला मॅडमचा ओळखपत्रावरचा फोटो, खाली लाल अक्षरांत एक ओळ: 'जिस ज़हर को उम्र भर पढ़ा, वही मुझे खा गया.' अन् त्याखाली नाव, डॉ. मंदाकिनी उकिडवे. त्यांच्याकडे राहून त्यांचं सगळं करणाऱ्या रामकलीचा फोन त्यानंतर सात-आठ मिनिटांनी आला. ती रडत होती म्हणून तिला उशीर झाला. पणतीवाल्याला रडायचं नव्हतं. खरं तर मलाही रडू आलं नाही, मला ओकारी आली. कारण ते वाक्य मॅडमचं नव्हतंच. ते माझं होतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचा. आमच्याकडे लाखोळीची, म्हणजे लाखेची डाळ घरोघरी खातात. मॅडमचं सगळं आयुष्य त्याच डाळीतल्या विषावर गेलं. दुष्काळात माणसं महिनोन् महिने नुसती लाखोळीच खातात, तेव्हा पाय ताठ होतात, चालणं जातं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरतात, त्या नेमक्या कशा मरतात हे मॅडम उंदराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून बघायच्या. मुलाखतीत त्यांनी मला विज्ञानाचं काही विचारलंच नाही. "तुझी आई डाळीचं पहिलं पाणी फेकते का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, फेकते. "का फेकते?" माहीत नाही म्हटलं. "बरं झालं खरं बोललास," म्हणाल्या, अन् मला प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून घेतलं.

मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, पण तीस वर्षं लखनौच्या महानगर भागात राहून रागसुद्धा लखनवी झालेला. पोरांना झापायच्या ते असं: "आप निहायत गधे हैं, तशरीफ़ रखिए." अन् कोणी काही शोध लागल्यासारखं बोललं की चष्मा कपाळावर चढवून एकच शब्द, "पुरावा?" लॅबमधली सीतापूरकडची हिंदी बोलणारी पोरं पण घाबरून 'पुरावा' म्हणायला शिकली होती. मला शाळेपासून नकलांची खोड. हेडमास्तर, सरपंच, एसटीचा कंडक्टर, कोणाला सोडलं नाही, तर मॅडमना कशाला सोडतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी रंगात येऊन त्यांची नक्कल करत होतो अन् समोरच्यांचे चेहरे एकदम पडले. मॅडम माझ्या मागे उभ्या. म्हणाल्या, "मान डावीकडे. मी उजवीकडे झुकवत नाही." अन् गेल्या. त्या दिवसापासून नक्कल जणू पास होऊन आली.

म्हणूनच त्यांचा आजार सगळ्यांत आधी मला ऐकू आला... अन् मला तो समजला नाही. एके दिवशी माझी नक्कल जुळेना. त्यांचा 'र' जड झाला होता, ओला, जिभेला चिकटल्यासारखा. मला वाटलं दाढ काढली असेल. मी लगेच तो जड 'र' उचलला अन् लॅबला हसवलं. चांगलं खो खो हसवलं. ते आठवलं की आजही तोंडात कडू येतं. पुढे तपासण्या झाल्या, मोटर न्यूरॉनचा, म्हणजे त्याच हुकूम नेणाऱ्या पेशींचा आजार निघाला, जिभेपासून सुरू झालेला. मॅडमनी स्वतःचा रिपोर्ट विद्यार्थ्याचा प्रबंध तपासावा तसा लाल पेन घेऊन वाचला, दोन चुका दुरुस्त केल्या.

चार-पाच महिन्यांत बोलणं गेलं. हात चालत होता, म्हणून रामकलीनं जवळच्याच कपूरथला बाजारातून लहान पोरांची जादूची पाटी आणली, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं ती. मॅडमनी पाटीवर लिहिलं, 'तुला माझा आवाज काढता येतोच. वापर.' मग मीटिंगमध्ये, फोनवर, सगळीकडे त्या लिहायच्या अन् मी त्यांच्या आवाजात वाचायचो. फोनवरच्या लोकांना कळायचंही नाही. मी लई खूश होतो बापा, एवढा मोठा रोल कधी मिळाला नव्हता.

अशातच एका पत्रकाराचा फोन आला. विषावर काम करताना तेच विष लागलं का, असं त्याला हवं होतं. मॅडमनी लिहिलं, 'कारण माहीत नाही.' मी वाचलं. तो म्हणाला, "मैडम, कुछ तो कहिए." मॅडमनी पेन ठेवून दिलं. अन् मी, त्यांच्याच आवाजात, ती ज़हरवाली ओळ ठोकून दिली. पलीकडून "वाह" आलं. मी मॅडमकडे बघून हसलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाटीवर एक शब्द लिहिला. कोणता ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तोच मथळा. मॅडमनी मला समोर बसवलं अन् एकेक ओळ लिहून, पुसून, परत लिहून समजावलं. 'लाखोळीचा आजार डाळ बंद केली की पुढे वाढत नाही, माझा वाढतोय. दोन्हीत तशाच पेशी मरतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत. मला विष लागलं याला कणभर पुरावा नाही.' शेवटी लिहिलं, 'ओळ तुझी होती, हे लोकांना सांग.' तिसऱ्या दिवशी आमच्या लॅबमधल्या एका पीएचडीच्या मुलीचे वडील गावाहून ते कात्रण घेऊन आले अन् तिला घेऊन गेले. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती... मी खुलासा लिहिला, तीनदा पाठवला. पत्रकार म्हणाला, "लाइन इतनी अच्छी है, रहने दीजिए ना." आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे साहेब म्हणतात, तेही म्हणाले, राहू दे, लोकांची सहानुभूती मिळते. याच साहेबांनी मॅडम रजेवर जाताच त्यांचा मायक्रोस्कोप स्वतःच्या खोलीत हलवला होता.

शोकसभेला तीच ओळ हातभर मोठी करून फोटोखाली लावलेली. मागच्या टेबलावर समोसे. ज्यांनी वर्षभरात एकदा घरी येऊन पाटीवरचे दोन शब्द वाचले नाहीत, ते रुमालाने डोळे टिपत 'विष प्यायलेली देवी' म्हणत होते. मला शिसारी येत होती, त्यांचीही अन् मॅडमच्या तोंडात ते वाक्य घालणाऱ्याचीही. शेवटी साहेबांनी मला बोलावलं. "बेटा, ज़रा मैडम वाली आवाज़ में वही लाइन हो जाए." लोकांनी मोबाईल वर धरले. मी माईकजवळ गेलो. माझा स्वतःचा आवाज पातळ आहे, मला कधी आवडला नाही. त्याच आवाजात म्हणालो, "ये लाइन मैडम की नहीं है. मेरी है. मैंने उनकी आवाज़ में झूठ बोला था." मग साहेब हसले, "देखा, आज भी मज़ाक नहीं छूटा इसका." अन् सभागृह हसलं. आयुष्यभर मी हसवायला धडपडलो, अन् हसण्याची एवढी किळस कधी आली नव्हती.

त्या ओळीचा फलक अजून कॉरिडॉरमध्ये आहे. म्हणून हे इथे लिहिलं, मराठीत, कारण लाखोळी तुमच्याही ताटात असेल. ती सारखी खाऊ नका, पहिलं पाणी फेका, बरंचसं विष त्यातच उतरतं. पण मॅडम तिनं गेल्या असं म्हणू नका.

जादूची पाटी रामकलीनं मला दिली. त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी निघताना मॅडमनी तिच्यावर वाकड्या अक्षरांत काही लिहिलं होतं अन् मी "उद्या नक्की" म्हणून सटकलो होतो. वरचा कागद मी अजून उचललेला नाही. 'सांगितलंस का?' एवढंच आहे तिथे.

सांगितलं, मॅडम. कोणी ऐकलं का, याचा पुरावा अजून नाही. मिळेपर्यंत पाटी पुसत नाही.