थैलीतली माती

अबीटल नऊ वर्षांची असताना बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळलं. तिच्या बापानं घरातलं काही उचललं नाही. अंगणातली माती तेवढी कातडी थैलीत भरली. फौजेनं बंदी करून नेताना वाटेत आई गेली, मग बाप गेला. पोर नि थैली बाबेल मुलखातल्या खबार कालव्यापर्यंत पोचली. त्या कालव्याचा गाळ उपसत ती मोठी झाली, तिथंच तिनं संसार केला, तिथंच नवरा पुरला.

रोज सकाळी ती थैलीतली माती वीतभर पसरायची, मावळतीकडं, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून तिच्यावर गुडघे टेकायची, नि उठताना कणन् कण गोळा करायची.

"अबीटलमावशी, देव बहिरा झाला का गं?" वस्तीतली माणसं चिडवायची.

"बहिरा नाही, रुसलाय. तुमची थोबाडं बघून पाठ फिरवलीय त्यानं. हा मुलूख बाबेलवाल्यांच्या मार्दुक देवाचा. आपल्या देवाला हाक मारायची तर त्याच्या भुईवरनंच."

तिची सून कश्शाया कालपासून बाळंतपणात अडली होती. आधीची दोन्ही लेकरं मेलेलीच आली होती. लेक नेरीया सरकारी वेठीवर लांब गेलेला. भर दुपारी सुईण बानीतूनं कश्शायाला बाळंतपणाच्या विटांवर बसवलं, पोट चाचपलं नि तोंड वाकडं केलं. बानीतू मूळची बाबेलचीच.

"पोर आडवं आहे. मी इश्तारमातेला हाक घालते. तिची भुई आहे, तिला ऐकू येतं."

"खबरदार! माझ्या घरात नाही."

"मग तुझ्या देवाला बोलाव. पण झटक्यात. पोरीचं अंग गार पडायला लागलंय."

अबीटलनं कोनाड्यातली थैली ओढली.

"आत्याबाई, ती नको," विटांवरनं कश्शाया कण्हली. "त्यात कालव्याची माती हाय."

"काय बरळतीस?"

"डोहाळे लागले होते. इथली माती तोंडात धरवेना. तुमच्या थैलीतली चिमूटभर खाल्ली... मग राहवेचना. संपली तशी काठावरची भरून ठेवली."

"कधी?"

"चौथ्या महिन्यात."

अबीटलचा हात वर गेला नि तसाच राहिला. सहाव्या महिन्यात पोटातलं पोर आठ दिवस हललं नव्हतं. त्या वेळी तीन दिवस अन्नपाणी सोडून ती त्या मातीवर पडून होती, नि चौथ्या दिवशी पोरानं लाथ मारली होती. म्हणजे ती पडली होती कशावर? कालव्याच्या गाळावर!

कश्शायाची किंकाळी आली. थैली टाकून अबीटल होती तिथंच, ओल्या जमिनीवर, गुडघ्यांवर बसली. मावळती कुठं, तिनं बघितलं नाही.

"ऐकतोस का रे? तुझी भुई हिनं खाल्ली. पोर हलेना तेव्हा कुठनं ऐकलंस? जिथनं ऐकलंस तिथनंच आता ऐक. तोंड लपवायचं तर माझ्यापासनं लपव. हिनं काय केलंय? ही तर जन्मलीच इथं!"

"भांडण मागनं कर, म्हातारे. पाठ धर हिची!" बानीतू ओरडली.

अबीटलनं मागनं सुनेला कवळा घातला. बानीतूचा हात आत गेला. कश्शायानं सासूच्या दंडात दात रुतवले. आधी एक पाय आला, मग दुसरा, मग सगळंच घसरत आलं. निळंजांभळं, गप्प.

बानीतूनं ते उलटं धरून थोपटलं. काही नाही. तिनं मान हलवली.

"आण इकडं," म्हणत अबीटलनं ते ओढून घेतलं, तान्ह्याला चोळायला ठेवलेल्या मिठाच्या वाडग्यात हात घातला नि पाठीवर, छातीवर, तळव्यांवर खसाखसा मीठ चोळू लागली. चोळत राहिली. एकदा ते उचकलं. मग चिरक्या आवाजात रडायला लागलं.

"पोरगी आहे," बानीतू म्हणाली.

बऱ्याच वेळानं कश्शाया पुटपुटली, "आत्याबाई, रागावलात?"

"गप पड. माझं अख्खं अंगण पोटात घालून बसलीस, नि वर विचारतीस!"

अबीटलनं थैली उचलली. आतला गाळ दाराबाहेर झाडला नि उरलेलं मीठ तिच्यात भरून ठेवलं. पोरीला अजून सात दिवस चोळायचं होतं.